अंधारांत मिळालेली सोबत : कवि विल्यम कूपर

ख्रिस्ती मंडळीच्या गीतकारांमध्यें विल्यम कूपर याचें नांव मोठें आहे. त्याचीं गीतें इंग्रजी मंडळ्यांतून दोनशें वर्षांहून अधिक काळ गाइलीं जात आहेत, व त्यांचीं भाषांतरें अनेक भाषांत झालीं आहेत. इतकीं गोड गीतें लिहिणारा मनुष्य सदा आनंदांत असला पाहिजे, असें ऐकणारास सहज वाटेल. वस्तुस्थिति अगदीं उलट होती. या कवीनें आपल्या आयुष्यांत एकदां नव्हे तर अनेक वेळां स्वतःचा जीव घेण्याचा प्रयत्न केला. आणि तरीहि तो अडुसष्ट वर्षें जगला व शेवटीं आपल्या अंथरुणावर, आप्तांच्या देखरेखींत, आजारानें मरण पावला. तो कसा वांचला व त्याला कोणीं वांचविलें, हें सांगण्यासाठीं आम्ही आज त्याचें चरित्र वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमच्या खेड्यांतूनहि असे प्रसंग येतात. पीक बुडतें, सावकाराचा तगादा लागतो, घरांतील कर्ता माणूस जातो, मुलगा परीक्षेंत नापास होतो, सुनेला माहेरहि उरत नाहीं. आणि एखाद्या जीवाला वाटूं लागतें कीं, आतां जगण्यांत अर्थ नाहीं. अशा वेळीं शेजारीं कुजबुज होते, मंडळी गप्प बसते, आणि उपदेशकाला काय बोलावें तें सुचत नाहीं. कूपरच्या चरित्रांत या गोष्टीचें उत्तर पुष्कळ अंशीं सांपडतें, असें आम्हांस वाटतें.

बाळपणींचा घाव

इंग्लंडांत हर्टफर्डशायर परगण्यांत बर्कमस्टेड नांवाचें गांव आहे. तेथील पाळक रेव्हरंड जॉन कूपर यांच्या घरीं १७३१ च्या नोव्हेंबरांत विल्यमचा जन्म झाला. आईबापांस सात मुलें झालीं, पण त्यांपैकीं दोनच जगलीं : विल्यम आणि त्याचा धाकटा भाऊ जॉन. या जॉनच्या जन्माच्या वेळींच, १७३७ सालीं, आई वारली. विल्यमचें सहावें वर्ष तेव्हां पुरें होत आलें होतें. घरांतील दासींनीं लेंकराचें रडें थांबावें म्हणून, आई उद्यां परत येईल, असें त्याला सांगितलें. तो रोज वाट पाहत राहिला. पुढें बावन्न वर्षांनंतर, १७९० सालीं, एका नातलग बाईनें त्या आईचें चित्र त्याच्याकडे पाठविलें, तेव्हां त्यानें त्या दिवसावर एक कविता लिहिली. तींत तो खोटा दिलासा व ती वाट पाहणें त्याला जसेंच्या तसें आठवतें. मुलांपासून मरण लपविल्यानें त्यांचें दुःख कमी होत नाहीं, तें केवळ एकटें पडतें, हें यावरून दिसून येतें.

आई गेल्यावर लवकरच त्याला दूरच्या शाळेंत ठेवण्यांत आलें. तेथें पंधरा वर्षांच्या एका दांडग्या मुलानें त्याचा इतका छळ केला कीं, विल्यमला त्याच्या तोंडाकडे पाहण्याचा धीर होत नसे. त्याच्या जोड्यांवरील बकलांवरूनच तो त्याला ओळखी. शेवटीं ही गोष्ट उघडकीस आली व त्या मुलाला शाळेंतून काढण्यांत आलें. पुढें वेस्टमिन्स्टरच्या शाळेंत त्याचे दिवस बरे गेले. हिंदुस्थानाच्या इतिहासांत ज्यांचें नांव गाजलें ते वॉरन हेस्टिंग्ज याच शाळेंत त्याचे सोबती होते.

वडिलांच्या इच्छेनें तो वकिलीकडे वळला व १७५४ सालीं त्याला वकिलीची सनद मिळाली. परंतु या धंद्यांत त्याचें मन कधींच रमलें नाहीं. चुलत्याची मुलगी थिओडोरा हिच्यावर त्याचें प्रेम जडलें होतें. तिच्या वडिलांनीं विवाहास नकार दिला. १७५६ सालीं त्याचे वडील वारले, आणि पुढच्याच वर्षीं एक जिवलग मित्र बुडून मेला. याच्या कांहीं वर्षें आधींच त्याला विषण्णतेचा पहिला झटका येऊन गेला होता. दुःखाचें हें सारें ओझें तो मुकाट्यानें वाहत होता. बाहेरून पाहणारास तो लंडनांतील एक हंसतमुख, विनोदी तरुण दिसत असे.

१७६३ चें वर्ष

बत्तिसाव्या वर्षीं त्याच्यावर जो प्रसंग आला, तो वरवर पाहतां सुदैवाचा होता. एका वजनदार नातलगानें त्याला इंग्लंडच्या उमरावसभेंत दप्तराच्या कारकुनाची जागा देऊं केली. काम थोडें व पगार चांगला. परंतु या नेमणुकीस कांहींनीं हरकत घेतली, व उमेदवाराची सर्व सभेसमोर तोंडी परीक्षा व्हावी असें ठरलें. चारचौघांत उभें राहण्याच्या विचारानेंच कूपरच्या पोटांत गोळा येत असे. कित्येक महिने तो कचेरींत जाऊन दप्तरें चाळीत राहिला, पण डोक्यांत कांहीं शिरेना. जागा नको म्हणावें, तर उपकार करणाऱ्या नातलगाची नाचक्की होईल. परीक्षेस जावें, तर आपली फजिती होईल. दोन्ही वाटा बंद झाल्या असें त्याला वाटलें. आणि सर्वांत वाईट गोष्ट ही कीं, हें त्यानें कोणाजवळहि उघड केलें नाहीं.

परीक्षेचा दिवस जवळ आला तेव्हां त्यानें आपला जीव घेण्याचा अनेक वेळां यत्न केला. हे यत्न कसे झाले तें सांगण्यांत वाचकांचें कांहीं हित नाहीं. म्हणून तें आम्ही सांगत नाहीं. तो वांचला एवढें पुरे. नंतर तो नातलग धांवत आला, आणि ज्या नोकरीपायीं हें सारें झालें ती त्यानें एका क्षणांत रद्द करून टाकली. ज्या गोष्टीवांचून दुसरा मार्ग नाहीं असें कूपरला महिनोमहिने वाटत होतें, ती एका संभाषणानें सुटण्यासारखी होती. आमचे वाचक हें वाक्य ध्यानांत ठेवतील तर बरें. मन आजारी असतां मनुष्याला भिंतच भिंत दिसते. दरवाजा दुसऱ्याला दिसतो. म्हणून दुसऱ्यास बोलावणें अवश्य आहे.

त्या काळीं इंग्लंडांत स्वतःचा जीव घेणें हा गुन्हा होता. अशा रीतीनें मेलेल्याची मालमत्ता सरकारजमा होऊं शकत असे, व त्याचें प्रेत धर्मविधीवांचून हमरस्त्यांत पुरण्याची चाल होती. तो कायदा तेथें १९६१ सालीं संपला. कूपरच्या भोंवतालच्या माणसांनीं मात्र त्याला गुन्हेगार मानलें नाहीं. त्याचा भाऊ जॉन केंब्रिजहून धांवत आला. आपला नाश झाला, देवानें आपणांस टाकलें, असें तो रात्रंदिवस म्हणूं लागला, तेव्हां आप्तांनीं ओळखलें कीं हा आजार आहे. आणि डिसेंबर १७६३ मध्यें त्यांनीं त्याला सेंट ऑल्बन्स येथें डॉक्टर नॅथॅनियल कॉटन यांच्या स्वाधीन केलें.

वैद्य, शेजारी आणि घर

त्या दिवसांत वेड्यांच्या इस्पितळांतून रोग्यांना साखळदंडानें बांधीत, व लोक पैसे देऊन त्यांचा तमाशा पाहावयास जात. डॉक्टर कॉटन यांची रीत निराळी होती. त्यांनीं आपल्या लहानशा आश्रमांत थोडेच रोगी ठेवले होते. ते स्वतः कवि असून भाविक होते, आणि रोग्याजवळ बसून बोलणें हा त्यांच्या उपचाराचाच भाग होता. कूपरवर प्रथम कशाचाच परिणाम होईना. पण महिने गेले, झोंप येऊं लागली, अन्न अंगीं लागूं लागलें. १७६४ च्या उन्हाळ्यांत भाऊ भेटावयास आला, आणि त्याच सुमारास एके दिवशीं रोमकरांस पत्राचा तिसरा अध्याय वाचतां वाचतां ख्रिस्तांतील क्षमा आपल्यासाठींहि आहे असें त्याला उमगलें. हा त्याच्या तारणाचा दिवस म्हणून नेहमीं सांगितला जातो, व तें खरेंच आहे. परंतु त्यापूर्वीं सात महिने एका वैद्यानें धीरानें त्याची शुश्रूषा केली होती, ही गोष्टहि सांगितली पाहिजे. देवाच्या वचनानें वैद्याला बाजूस सारलें नाहीं, व वैद्यानें वचनाला अडविलें नाहीं. बरें वाटूं लागल्यावरहि कूपर आणखी जवळजवळ एक वर्ष तेथेंच राहिला.

१७६५ च्या जून महिन्यांत तो भावाच्या जवळ असावें म्हणून हंटिंग्डन या गांवीं राहावयास गेला. धंदा सुटलेला, पैसा थोडा, ओळख कोणाची नाहीं. नातलगांनीं मिळून त्याच्यासाठीं वार्षिक वर्गणी बांधून दिली होती. तेथील मंदिरांत तो उपासनेस जाई व एकटाच परत येई. एके दिवशीं उपासना संपल्यावर विल्यम अन्विन नांवाचा एक तरुण विद्यार्थी मुद्दाम त्याच्याजवळ गेला व बोलूं लागला. ओळख झाली, चहापान झालें, आणि त्या तरुणानें त्याला आपल्या घरीं नेलें. त्याचे वडील रेव्हरंड मॉर्ली अन्विन व आई मेरी अन्विनबाई यांनीं थोड्याच महिन्यांत कूपरला आपल्याच घरीं राहावयास घेतलें. मंदिराच्या दारांत एका परक्या माणसाशीं चार शब्द बोलण्याचें जें काम त्या तरुणानें केलें, त्याची किंमत कोणास सांगतां येणार नाहीं. त्या चार शब्दांतून कूपरला तीस वर्षांचें घर मिळालें.

१७६७ च्या जुलैंत मॉर्ली अन्विन घोड्यावरून पडून मरण पावले. त्या शोकाच्या दिवसांत रेव्हरंड जॉन न्यूटन हे भेटीस आले. न्यूटन साहेब पूर्वीं गुलामांचा व्यापार करणाऱ्या जहाजाचे कप्तान होते. देवाच्या कृपेनें पालटून ते आतां ऑल्नी या गांवीं पाळकाचें काम करीत होते. त्यांनीं त्या दुःखी घराला आपल्या गांवीं येण्याचें निमंत्रण दिलें, व अन्विनबाई, त्यांची मुलगी आणि कूपर हे त्याच वर्षीं ऑल्नीस गेले. ऑल्नी हें गरीब गांव होतें. घरोघरीं बायका व मुलें लेस विणून कसाबसा निर्वाह करीत. कूपर न्यूटन साहेबांबरोबर झोंपड्यांतून फिरूं लागला, आजाऱ्यांजवळ बसूं लागला, प्रार्थनासभेंत प्रार्थना करूं लागला. दोघांनीं मिळून गांवच्या मंडळीसाठीं गीतें लिहावयास आरंभ केला.

पुन्हां अंधार

एकदां बरा झालेला मनुष्य कायमचा बरा झाला, असें सर्वांस वाटत होतें. पण १७७० सालीं भाऊ जॉन वारला. आणि १७७३ च्या जानेवारींत आजार पुन्हां उलटला. त्या वेळीं अन्विनबाईंशीं त्याचा विवाह ठरत होता, तो राहिला. पुढल्याच महिन्यांत त्याला एक भयंकर स्वप्न पडलें, आणि देवानें आपणांस कायमचें टाकलें असा निवाडा आपण ऐकला, अशी त्याची खात्री झाली. त्या दिवसानंतर तो पुन्हां मंदिरांत गेला नाहीं. ज्याच्या गीतांनीं हजारोंचा विश्वास दृढ झाला, त्याला स्वतःला पुढें सत्तावीस वर्षें आपल्या तारणाचा भरवसा वाटला नाहीं. त्याच वर्षीं त्यानें पुन्हां एकदां जीव देण्याचा यत्न केला.

येथें एका दंतकथेविषयीं लिहिणें जरूर आहे. देवाच्या गूढ मार्गांविषयींचें कूपरचें जें प्रसिद्ध गीत आहे, तें तो जीव द्यावयास निघाला असतां गाडीवान धुक्यांत वाट चुकून त्याला घरीं परत घेऊन आला तेव्हां लिहिलें गेलें, अशी गोष्ट व्यासपीठांवरून पुष्कळ वेळां सांगितली जाते. या गोष्टीला भरवशाचा आधार नाहीं. तें गीत १७७३ च्या आरंभीं, म्हणजे आजार उलटण्याच्या उंबरठ्यावर लिहिलें गेलें, असें मानतात. गोष्ट ऐकावयास गोड आहे. परंतु तीमुळें असें वाटतें कीं, एका चमत्कारानें सारें संपलें. खरी हकीगत याहून कठीण आहे, व आम्हांस ती अधिक उपयोगाची वाटते.

खरी हकीगत ही कीं, १७७३ च्या एप्रिलांत कूपर न्यूटन साहेबांच्या घरीं आला व तेथून हालेना. त्याचें स्वतःचें घर अगदीं जवळ होतें. मध्यें एक बाग होती, व त्या बागेंतून जाण्यायेण्याच्या हक्कासाठीं दोन्ही घरें मिळून मालकाला वर्षाला एक गिनी देत. तरीहि तो एका वर्षाहून अधिक काळ पाळकाच्याच घरीं राहिला. अन्विनबाई रात्रंदिवस त्याच्या जवळ राहिल्या. लोक काय म्हणतील याची पर्वा त्यांनीं केली नाहीं. आजाराच्या भरांत तो त्यांच्यावरच संशय घेई, तरी त्या दूर झाल्या नाहींत. न्यूटन साहेबांनीं डॉक्टर कॉटन यांचा सल्ला घेतला. आपल्या मनाला कधीं कधीं थकवा येतो, अधीरता येते, हें त्यांनीं आपल्या पत्रांतून प्रांजळपणें लिहिलें आहे. पण त्यांनीं त्याला घराबाहेर काढलें नाहीं, आणि तो मंदिरांत येत नाहीं म्हणून मंडळीबाहेरहि काढलें नाहीं.

न्यूटन साहेबांच्या कडक उपदेशानेंच कूपरचें डोकें फिरलें, असा ठपका पुढील कांहीं चरित्रकारांनीं ठेवला आहे. परंतु कूपरचा पहिला आजार व १७६३ चा प्रसंग हे न्यूटन साहेबांची भेट होण्याच्या पूर्वींचे आहेत, हें विसरतां कामा नये. आजाराला धर्माची भाषा सांपडली, एवढेंच म्हणतां येईल. ज्या मनुष्याला व्यापाराची चिंता असते त्याला तापांत दिवाळें दिसतें. कूपरला देवाची ओढ होती, म्हणून त्याला तापांत देवाचा कोप दिसला.

ससे, बाग आणि लेखणी

१७७४ सालीं तो थोडा सावरला. तेव्हां शेजारच्या एका मनुष्यानें त्याला सशाचें एक पिलूं आणून दिलें. त्याला आवड आहे असें पाहून लोक एकामागून एक पिलें आणूं लागले. त्यांतील तीन त्यानें ठेवलीं. पस, टायनी आणि बेस हीं त्यांचीं नांवें. त्यांच्यासाठीं त्यानें स्वतः सुतारकाम शिकून खुराडीं केलीं. पस एकदां आजारी पडला, तेव्हां कूपरनें त्याची शुश्रूषा केली. बरा झाल्यावर त्यानें कूपरचा सारा हात चाटला. हा ससा जवळजवळ बारा वर्षें त्याच्याजवळ राहिला. कूपरनें बाग केली, कांचघर बांधलें, काकड्या व खरबुजें लावलीं. ज्याला स्वतःच्या जगण्याचें कारण दिसत नव्हतें, त्याला रोज सकाळीं सशांना चारा घालण्याचें कारण मिळालें. लहान कामाचा असा मोठा उपयोग आहे.

१७७९ सालीं ऑल्नीच्या गीतांचें पुस्तक निघालें. त्यांत एकंदर ३४८ गीतें असून, त्यांपैकीं सदुसष्टांच्या आसपास कूपरचीं व बाकीचीं न्यूटन साहेबांचीं आहेत. पुढच्या वर्षीं न्यूटन साहेब लंडनांतील मंडळीकडे गेले. तेव्हां अन्विनबाईंनीं कूपरला मोठ्या कविता लिहिण्यास लावलें, व १७८२ सालीं, पन्नाशी उलटल्यावर, त्याचें पहिलें काव्यपुस्तक निघालें. त्याच सुमारास एके संध्याकाळीं तो फार उदास बसला आहे असें पाहून लेडी ऑस्टिन नांवाच्या बाईनें, ज्याचा घोडा आवरेनासा झाला अशा एका कापडवाल्याची गमतीची गोष्ट त्याला सांगितली. तो रात्रभर हंसत राहिला, आणि त्या गोष्टीची त्यानें कविता केली. जॉन गिल्पिनची ती कविता सर्व इंग्लंडांत लोकांच्या तोंडीं झाली. १७८५ सालीं त्याचें मोठें काव्य ‘द टास्क’ प्रसिद्ध झालें व तो आपल्या काळचा नामांकित कवि ठरला. १७८८ सालीं त्यानें गुलामांच्या व्यापाराविरुद्ध कविता लिहिल्या. एका धनवान पेढीवाल्यानें गुप्तपणें पाठविलेला पैसा ऑल्नीच्या गरिबांत वांटण्याचें कामहि तो करी.

१७८६ च्या अखेरीस त्याचा तरुण मित्र विल्यम अन्विन, ज्यानें मंदिराच्या दारांत त्याला प्रथम हांक मारली होती, तो मरण पावला. लवकरच, १७८७ च्या आरंभीं, आजार परत आला, व पुन्हां जीव देण्याचा यत्न झाला. त्या वेळीं अन्विनबाई वेळेवर पोहोंचल्या, म्हणून तो वांचला. सहा महिन्यांनीं तो पुन्हां लिहूं लागला. ज्या थिओडोरेशीं त्याचा विवाह झाला नव्हता तिची बहीण लेडी हेस्केथ हिनें त्याचा सांभाळ करण्यांत मोठा वांटा उचलला. आणि कोणा अनामिकाकडून त्याला भेटी व पैसे येत, त्या थिओडोरेच्याच होत्या असें मानतात.

१७९१ च्या डिसेंबरांत अन्विनबाईंना पक्षघाताचा झटका आला व पुढल्या वर्षीं दुसरा. आतां पाळी उलट झाली. जिनें त्याला वीस वर्षें सांभाळलें, तिला तो हात धरून चालवूं लागला. १७९५ सालीं आईकडील एक तरुण नातलग, जॉन जॉन्सन, दोघांनाहि नॉरफक परगण्यांत आपल्या घरीं घेऊन गेला. तेथें ईस्ट डिरहॅम गांवीं १७९६ च्या डिसेंबरांत अन्विनबाई वारल्या. कूपरनें त्यांचें प्रेत एकदां पाहिलें, आणि पुन्हां त्यांचें नांव काढलें नाहीं. शेवटचीं वर्षें फार उदास गेलीं. तरी जॉन्सननें त्याच्याजवळ बसून वाचलें, त्याला फिरावयास नेलें, त्याच्या होमरच्या भाषांतराची दुरुस्ती त्याच्याकडून करविली. २५ एप्रिल १८०० रोजीं कूपर शांतपणें गेला.

आम्ही काय शिकावें

एक हिशेब मांडून पाहावा. १७६३ सालीं कूपर गेला असता, तर जगाला त्याचें नांवहि कळलें नसतें. त्याचीं सारीं गीतें व सारीं प्रसिद्ध काव्यें त्यानंतरच्या सदतीस वर्षांतलीं आहेत. १७७३ सालीं गेला असता, तर गिल्पिन नाहीं, ‘द टास्क’ नाहीं, गुलामांची कैफियत नाहीं. १७८७ सालीं गेला असता, तर आईच्या चित्रावरील कविता नाहीं, आणि आजारी अन्विनबाईंचा हात धरणारा कोणी नाहीं. त्याला यांतील कांहींच आधीं दिसत नव्हतें. दुसऱ्यांनीं त्याला एकेक दिवस ओलांडून नेलें.

कोणी विचारील, ज्याला शेवटपर्यंत भरवसा वाटला नाहीं त्याचें काय झालें? आम्ही न्यायाधीश नाहीं. परंतु तापांतल्या माणसाच्या बडबडीवरून कोणी त्याचा विश्वास मोजीत नाहीं. एलीया झुडपाखालीं बसून मरण मागूं लागला, तेव्हां देवाच्या दूतानें त्याला दोष दिला नाहीं. त्याला झोंपूं दिलें, भाकर व पाणी दिलें, आणि पुढची वाट लांब आहे म्हणून पुन्हां जेवूं घातलें. ईयोबाचे मित्र सात दिवस मुकाट्यानें त्याच्याजवळ बसले, तोंपर्यंत त्यांचें बरोबर होतें. बोलूं लागले तेव्हां चुकले.

म्हणून आमच्या उपदेशकबंधूंस व सर्व मंडळीस विनंति आहे. कोणी जगण्याचा कंटाळा बोलून दाखविला, अन्नपाणी सोडलें, वस्तु वांटून देऊं लागला, निरवानिरवीचें बोलूं लागला, तर त्याला एकटें सोडूं नये. जीव देण्याचा विचार मनांत येतो काय, असें स्पष्ट व प्रेमानें विचारावें. विचारल्यानें तो विचार मनांत भरत नाहीं, उलट ओझें हलकें होतें. विश्वास कमी पडला, पाप केलें, असें त्या वेळीं म्हणूं नये. घरांत शेतीचें विषारी औषध असेल तर तें कुलपांत किंवा दुसऱ्याच्या घरीं ठेवावें. कारण ती लाट पुष्कळदां थोड्या वेळाची असते, आणि तेवढा वेळ मिळाला तर जीव वांचतो. प्रार्थना करावी, आणि डॉक्टरांकडेहि न्यावें. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयांत मनाच्या आजारावर उपचार होतात. २०२२ सालापासून सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य, मराठींतहि मिळते. जीव तात्काळ धोक्यांत असेल तर १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. पोलिसांच्या भीतीनें कोणी लपवूं नये : २०१७ च्या मानसिक आरोग्याच्या कायद्यानें अशा मनुष्यास तीव्र ताणाखालीं असलेला समजून त्याची काळजी घेणें हें सरकारचें कर्तव्य ठरविलें, आणि ज्या जुन्या दंडसंहितेंत या यत्नाला शिक्षा होती ती १ जुलै २०२४ रोजीं संपली.

सांभाळणाऱ्याचेंहि ओझें वांटून घ्यावें. न्यूटन साहेब थकले, अन्विनबाई थकल्या. पण दोघें होतीं, वैद्य होता, नातलग होते, म्हणून निभावलें. एकाच आईवर किंवा एकाच बायकोवर सारा भार टाकूं नये. आणि जेथें वांचविण्याचे सारे यत्न अपुरे पडून माणूस गेला आहे, तेथें त्या घराकडे पाठ फिरवूं नये. त्यांना दोष न देतां जावें, जेवण न्यावें, गेलेल्याचें नांव काढावें, मुलांना खरें सांगावें. आणि महिना उलटल्यावर, जेव्हां इतर सर्व येणें बंद करतात, तेव्हां पुन्हां जावें.

ज्या वाचकाच्या स्वतःच्या मनांत असा अंधार असेल, त्याला आमचें सांगणें एवढेंच आहे कीं, आजच एका माणसाला सांगा. सर्व सांगतां येत नसेल तर, मला एकटें सोडूं नका, इतकेंच सांगा. कूपरनें १७६३ सालीं तें सांगितलें नाहीं, आणि त्याला साऱ्या वाटा बंद दिसल्या. पुढें त्याचा आजार पुष्कळदां परत आला, पण तो पुन्हां तितका एकटा कधींच नव्हता.

येत्या रविवारीं उपासना संपल्यावर मंदिराच्या दारांत कोण एकटें उभें आहे, तें प्रत्येकानें पाहावें, आणि जवळ जाऊन बोलावें.